छोट्या दवाखान्याची ओटी : ड्रम भरण्यापासून शेवटच्या मोपपर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्यांत ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सांभाळणारा माणूस बहुतेक वेळा एकटाच असतो. अवजारं तोच धुतो, ड्रम (कपडे आणि सेट वाफेने निर्जंतुक करायचा भोकांचा डबा) तोच लावतो, स्क्रब होऊन, म्हणजे हात धुऊन गाऊन-हातमोजे घालून, सर्जनसमोर तोच उभा राहतो आणि केस संपल्यावर टेबलही तोच पुसतो. कोणी डिप्लोमा करून आलेला असतो, कोणी सिस्टरांच्या हाताखाली शिकलेला. ॲलिस कोणता चिमटा, बॅबकॉक कोणता हे सगळ्यांना येतं. चुकतो तो कामाचा क्रम. वाफ सुटायच्या आत व्हॉल्व्ह बंद होतो, मोजायच्या आत मोप (जखमेतलं रक्त टिपायचं कापड) वापरला जातो, स्पिरिट वाळायच्या आत कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं यंत्र) चालू होते. या तिन्ही चुका करताना काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही, म्हणूनच त्या रोज होतात.

पुढचे टप्पे सिझर, हर्निया, अपेंडिक्स अशा नेहमीच्या केसेस धरून लिहिले आहेत.

१. आदल्या संध्याकाळी : यादी आणि सेट

उद्याच्या केसेस फळ्यावर लिहा. पेशंटचं पूर्ण नाव, गाव, ऑपरेशन, बाजू आणि सर्जन. आपल्याकडे पाटील, महाजन, चौधरी, पावरा या आडनावांचे दोन पेशंट एकाच दिवशी यादीत असणं नवलाचं नाही. फक्त आडनावावर फाईल काढू नका.

सिझरच्या सेटमध्ये निदान एवढं हवं : स्पंज होल्डर २, टॉवेल क्लिप ४ ते ६, सरळ आणि वाकड्या आर्टरी (रक्तवाहिनी धरायचे चिमटे) प्रत्येकी ४, ॲलिस ६, ग्रीन-आर्मिटेज (गर्भाशयाची कड धरायचे चिमटे) ४, डॉयन रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायला) १, नीडल होल्डर २, दाताचा आणि बिनदाताचा चिमटा, मेयो कात्री, धागा कापायची वेगळी कात्री, ब्लेडचं ४ नंबरचं हँडल, बाउल २, किडनी ट्रे १. सर्जन बदलला की यादी थोडी बदलते. ती कागदावर लिहून सेटच्या आतच ठेवा. डोक्यात ठेवलेली यादी रात्री दोनच्या इमर्जन्सीला दगा देते.

> तपासा : प्रत्येक नीडल होल्डरमध्ये सुई धरून हलवून पाहा. सुई फिरत असेल तर तो सेटमधून बाहेर. प्रत्येक आर्टरीचं टोक उजेडात धरून बंद करा. मधून उजेड दिसला तर ती रक्तवाहिनी धरणार नाही.

२. धुणं

रक्त वाळलं की निघत नाही, आणि जिथे रक्त राहिलं तिथे वाफ पोचत नाही. केस संपल्याबरोबर अवजारं पाण्यात किंवा एन्झाइमच्या द्रावणात बुडवा. किती वेळ ते बाटलीवर लिहिलेलं असतं. सलाईनमध्ये बुडवून ठेवू नका, मिठाने स्टीलला खड्डे पडतात. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या पाण्यात) रात्रभर ठेवण्याची सवय तर अनेक दवाखान्यांत आहे. त्यानेही तेच होतं, आणि दोन वर्षांत सेट बदलायची वेळ येते.

सांधे उघडून, पाण्याखाली, नायलॉनच्या ब्रशने घासा. उघड्यावर घासलं तर शिंतोडे डोळ्यांत उडतात. चष्मा, जाड हातमोजे आणि प्लास्टिकचा एप्रन घाला.

आता पाण्याबद्दल. खानदेशातल्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड आहे. त्या पाण्यात अवजारं शेवटची खळबळली की वाळल्यावर पांढरे डाग उरतात आणि सांधे घट्ट होतात. शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. सांधा घट्ट झाला म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडू नका. तेलाच्या थराखाली वाफ जात नाही. पाण्यात विरघळणारं, अवजारांसाठीच मिळणारं वंगण वापरा आणि मग पूर्ण कोरडं करा.

३. ड्रम भरणं आणि ऑटोक्लेव्ह

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं, आणि त्या वाफेला ड्रममधल्या प्रत्येक घडीतून जाता आलं पाहिजे. ड्रम दाबून भरू नका. पाऊणच भरा, दोन घड्यांमध्ये हात सहज सरकला पाहिजे. चादरी एकावर एक आडव्या रचण्यापेक्षा उभ्या ठेवा. जे शेवटी लागणार ते तळाशी, जे आधी लागणार ते वर : म्हणजे खाली मोप, त्यावर ड्रेप (पेशंटवर टाकायच्या चादरी), त्यावर गाऊन, सगळ्यात वर हात पुसायचे टॉवेल. बाउल आणि किडनी ट्रे कडेवर तिरपे ठेवा. हवा वाफेपेक्षा जड असते, त्यामुळे सरळ ठेवलेल्या बाउलमध्ये ती पाण्यासारखी साचून राहते आणि तो बाउल वाफेविनाच बाहेर येतो. अवजारांचे सांधे उघडे ठेवा, लॉक लावू नका.

ड्रमच्या बाजूची झडप उघडा. भोकं दिसली पाहिजेत. बंद झडपेचा ड्रम म्हणजे तापलेला डबा, आतला माल जसाच्या तसा. ड्रम आडवा बसत असेल तर आडवाच ठेवा, म्हणजे वाफ वरच्या भोकांतून शिरून हवेला खालच्या भोकांतून ढकलते.

मग उभ्या ऑटोक्लेव्हचा क्रम असा :

१. हीटर बुडेल इतकं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा. बोअरच्या पाण्याने हीटरवर खार चढतो, आधी तापायला उशीर होतो आणि मग कॉइल जळते.

२. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळा. एका बाजूने आवळत गेलात तर गॅस्केट तिरकं बसतं.

३. हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच तापवा. आधी फुसफुस येते, मग थांबत-थांबत वाफ येते, मग एकसारखी जोरात वाफ येऊ लागते. ती एकसारखी झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करा, त्याच्या आधी नाही.

४. काटा १५ पौंडांवर आणि तापमान १२१ अंशांवर, दोन्ही पोचल्यावर घड्याळ लावा. गुंडाळलेल्या सेटला आणि कपड्याच्या ड्रमला ३० मिनिटं.

५. हीटर बंद. वाफ हळूहळू सोडा. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

६. झाकण किंचित उघडं ठेवून १५ ते ३० मिनिटं वाळू द्या. झाकण आपल्या विरुद्ध बाजूला उघडा, उरलेली वाफ तोंडावर येते.

तिसरी पायरी का महत्त्वाची? हवा आत राहिली तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तो दाब वाफ आणि हवा मिळून झालेला असतो. आतलं तापमान १२१ ला पोचतच नाही. काट्याकडे बघून ड्रम झाला म्हणणारे इथेच फसतात.

> थांबा : ३० मिनिटं चालू असताना लाईट गेली आणि काटा १५ च्या खाली आला, तर झालेली मिनिटं विसरा. लाईट आल्यावर पुन्हा १५ पौंड, १२१ अंश, आणि पुन्हा पूर्ण ३० मिनिटं. ‘वीस झाली होती, आता दहा देतो’ हे चालत नाही. ऑटोक्लेव्ह जनरेटरवर घेता येत असेल तर सुरू करण्यापूर्वीच डिझेल बघा.

गरम ड्रम लगेच फरशीवर किंवा स्टीलच्या गार टेबलावर ठेवू नका. तळाशी वाफेचं पाणी होतं आणि खालचे मोप ओले निघतात. ओला गठ्ठा निर्जंतुक नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शोषले जातात. लाकडी फळीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवा, झडप बंद करा आणि तारीख, वेळ, स्वतःची सही चिकटवा.

ड्रमला बाहेरून लावलेल्या ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा आल्या याचा अर्थ ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन आला, एवढाच. आत वाफ पोचली की नाही हे सांगते ती गठ्ठ्याच्या अगदी मध्यभागी ठेवलेली इंडिकेटर पट्टी. सगळ्यात गच्च भरलेल्या ड्रमच्या पोटात ती ठेवा. ऑटोक्लेव्ह खरोखर जंतू मारतो का, हे आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंच्या (सहज न मरणाऱ्या चिवट रूपाच्या) चाचणीने तपासा. १३४ अंशांवर चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या मशीनची वेळ वेगळी असते, ती मशीनच्या पुस्तकातूनच घ्या.

जे तापवता येत नाही ते २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे. २० मिनिटं ठेवल्याने फक्त उच्च दर्जाचं जंतुनाशन होतं, निर्जंतुकीकरण नाही. बीजाणू मरायला १० तास लागतात. पोटात घालायची दुर्बीण पूर्ण बुडाली पाहिजे, तिच्या नळीत हवेचे बुडबुडे नकोत, आणि बाहेर काढल्यावर निर्जंतुक पाण्याने खळबळूनच द्यायची. तसं न केल्यास रसायन पेशंटच्या पोटात जातं. द्रावण तयार केल्याची तारीख डब्यावर लिहा. १४ दिवस टिकणारं द्रावण पंधराव्या दिवशी ओतून द्या, कितीही स्वच्छ दिसलं तरी. फॉर्मेलिनच्या गोळ्यांच्या डब्यावर विसंबू नका.

४. सकाळची खोली

केसच्या निदान अर्धा तास आधी आडव्या जागा ओल्या फडक्याने पुसा. आधी दिवा, मग टेबल, ट्रॉली, शेवटी फरशी, म्हणजे वरून खाली. झाडू आत नको.

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो आणि एसी बंद पडला की कोणीतरी दारात कूलर आणून लावतो. कूलर ओटीत कधीही नको. तो बाहेरची धूळ आणि टाकीतलं साचलेलं पाणी मिळून थेट उघड्या पोटावर फेकतो. पंखाही तसाच, फरशीवरची धूळ वर उचलतो. एसी बंद असेल तर ठरलेली केस संध्याकाळवर ढकलण्याबद्दल सर्जनना विचारा.

सक्शन (रक्त ओढून घेणारं मशीन) चालू करून नळीचं तोंड बोटाने दाबून बघा. दिवा, कॉटरी, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघा. फक्त चालू आहे यावर थांबू नका, सिलिंडर भरलेला आहे का ते बघा.

५. पेशंट आत आल्यावर

नाव पेशंटने सांगायचं, आपण नाही. ‘तुम्ही सुनंदाबाई ना?’ असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं नाव काय?’, अहिराणी बोलणाऱ्या आजीला ‘तुमनं नाव काय शे?’ असं विचारा. धडगाव, अक्कलकुवा, चोपड्याच्या डोंगरातून आलेल्या पेशंटला मराठी कळत नसेल तर भिली किंवा पावरी बोलणारा नातेवाईक भूल देण्यापूर्वी बोलवून घ्या. नाव, गाव, ऑपरेशन, बाजू, शेवटचं खाणं-पिणं, ॲलर्जी. बाजूची खूण सर्जनने स्वतः पेनाने केलेली असली पाहिजे.

चिऱ्याच्या जागेवरचे केस काढायचेच असतील तर क्लिपरने, त्याच दिवशी. ब्लेडने तासलेल्या कातडीवर बारीक जखमा होतात आणि जंतू तिथेच वाढतात.

कॉटरीची प्लेट मांडीच्या जाड स्नायूवर, कोरड्या कातडीवर, पूर्ण चिकटलेली. हाडावर, जुन्या व्रणावर किंवा आत रॉड बसवलेल्या जागी नको. अर्धवट चिकटलेल्या प्लेटखाली पेशंट भाजतो, आणि ते ड्रेप काढल्यावर कळतं.

> थांबा : स्पिरिट असलेलं कातडीवरचं औषध पूर्ण वाळल्याशिवाय ड्रेप टाकू नका. ओघळून पाठीखाली, बेंबीत, जांघेत साचलेलं टिपून घ्या. भिजलेली चादर बदला. स्पिरिटची वाफ आणि कॉटरीची ठिणगी एकत्र आली की आग लागते.

६. स्क्रब आणि ट्रॉली

अंगठ्या, दोरे, बांगड्या बाहेर. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत २ ते ५ मिनिटं, हात कायम कोपरापेक्षा वर, म्हणजे पाणी कोपराकडे वाहतं. नळ कोपराने बंद करा. पुसतानाही बोटांकडून कोपराकडे, आणि टॉवेलची एक बाजू एका हाताला.

ट्रॉलीवर चादर टाकली की तिची फक्त वरची पातळी निर्जंतुक. कडेखाली लोंबलेलं काहीही वर ओढू नका. ट्रॉली लावल्यावर ती उघडी सोडून चहाला जायचं नाही. अवजारं वापराच्या क्रमाने मांडा. ब्लेड बोटांनी बसवू नका, आर्टरीने धरून बसवा.

बाउलवर लेबल लावा. सलाईन, स्पिरिट आणि लोकल भुलीचं औषध तिन्ही पाण्यासारखंच दिसतं. बिनलेबलची भरलेली सिरिंज सापडली तर ती फेकायची, वास घेऊन ओळखायची नाही.

७. पहिली मोजणी

चिरा देण्यापूर्वी, दोघांनी, मोठ्याने. एकजण स्क्रब झालेला, दुसरं कोणीही चालेल, सिस्टर किंवा मावशी, पण फळ्यावर लिहिणारं माणूस हवं. मोप पाचाच्या गठ्ठ्यात, प्रत्येक मोप सुटा करून. दोन मोप चिकटून एक दिसतात. गठ्ठ्यात चारच निघाले तर तो अख्खा गठ्ठा केसमधून बाहेर काढा, हिशोब जुळवत बसू नका. गॉज, सुया, ब्लेड, अवजारं याच पद्धतीने.

आपल्याकडे गॉजचं थान आणून दवाखान्यातच कापायची पद्धत आहे. त्या गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा नसतो. पोटात राहिला तर एक्स-रे काढूनही सापडणार नाही. पोटाच्या केसला धागा असलेले मोपच वापरा. थानाचे गॉज फक्त ड्रेसिंगला, आणि तेही शेवटची मोजणी झाल्यावर उघडा.

यानंतर सगळ्यांनी क्षणभर थांबून पेशंट, ऑपरेशन, बाजू आणि अँटिबायोटिक दिल्याची वेळ मोठ्याने बोलायची. अँटिबायोटिक चिऱ्याच्या आधीच्या एका तासात गेलेलं हवं. सिझरलाही आता नाळ कापेपर्यंत थांबत नाहीत.

८. केस चालू असताना

चाकू हातातून हातात देऊ नका, मध्ये किडनी ट्रे ठेवा. वापरलेली सुई लगेच परत मागा, नवी देण्यापूर्वी. मोप कापू नका. रक्ताचे मोप टेबलाखालच्या बादलीत साचू न देता प्लास्टिकवर पाच-पाच करून पसरा.

सुई टोचली तर हातमोजा काढून साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका. लगेच सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तर २ तासांत, आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं. सिव्हिल हॉस्पिटलला जायचं ते केस संपायची वाट न बघता. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस झाले नसतील तर ओटीत उभं राहण्यापूर्वी ते घ्या.

९. शेवटच्या मोजण्या

सिझरला गर्भाशय बंद करण्यापूर्वी एक, पोट बंद करण्यापूर्वी एक, कातडीचे टाके घालताना एक. मध्येच माणूस बदलला तर तेव्हाही. क्रम ठरलेला ठेवा : आधी जखमेतले, मग ट्रॉलीवरचे, मग खाली टाकलेले.

मोजणी जुळली नाही तर हळू आवाजात सिस्टरना विचारत बसू नका. स्पष्ट म्हणा : ‘सर, थांबा. एक मोप कमी आहे.’ सर्जन घाईत असतील, रागावतील, तरी म्हणा. पोट बंद झाल्यावर तेच वाक्य फार महाग पडतं. सर्जन आत हाताने बघतील तोवर खालच्यांनी शोधायच्या जागा या क्रमाने :

१. बाळाला पुसलेलं कापड. सिझरमध्ये हरवलेला मोप बऱ्याचदा बाळाबरोबर खोलीबाहेर गेलेला असतो.

२. वारेची बादली.

३. भूल देणाऱ्यांच्या बाजूचं टेबल. तोंड पुसायला गॉज घेतला जातो.

४. ड्रेपच्या घड्या, पेशंटच्या पाठीखाली, चपलांच्या तळाला.

५. सगळ्या कचऱ्याच्या पिशव्या. म्हणून मोजणी पूर्ण होईपर्यंत एकही पिशवी बाहेर जाऊ द्यायची नाही.

तरीही नाही सापडला तर टेबलावरच एक्स-रे, आणि केसपेपरवर जे झालं ते तसंच लिहायचं.

> तपासा : काढलेला अपेंडिक्स किंवा गाठ तपासणीला जाणार असेल तर १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट. सलाईनमध्ये तो सडतो. नावाचं लेबल बरणीवर लावा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

१०. केसनंतर

सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात, टोपण पुन्हा न लावता. रक्ताचे मोप, गॉज आणि वार पिवळ्या पिशवीत. हातमोजे, नळ्या, आयव्ही सेट लालमध्ये. काचेच्या बाटल्या निळ्यात. पिवळी पिशवी ४८ तासांच्या वर दवाखान्यात ठेवायची नाही. फरशीवर रक्त सांडलं असेल तर आधी शोषणाऱ्या कागदाने झाकून त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट ओता, १० मिनिटं थांबा, मग पुसा.

दुसरी केस लगेच असली तरी टेबल आणि ट्रॉली पुसून कोरडी होऊ द्या, आणि आधीच्या केसचा उघडलेला ड्रम पुढच्या केसला ‘हात लागला नाही’ म्हणून वापरू नका. झाकण उघडलेलं होतं, एवढं पुरे.

घरी जाण्यापूर्वी एक सिझर सेट, दोन गाऊन, दहा मोप आणि ड्रेपचा एक ड्रम तारखेसह कपाटात बंद आहे ना ते बघा. नसेल तर ऑटोक्लेव्ह आत्ताच लावा. फळ्यावर ड्रमची तारीख, सिलिंडरचा काटा आणि रात्री कोणाला फोन करायचा ते लिहा.